पाणी, फरशी आणि पायाची करंगळी

उन्हाळ्याची सुटी लागली की गावोगावच्या तरणतलावांवर मुलांची झुंबड उडते. तिकिटाच्या खिडकीजवळ पुष्कळ ठिकाणी एक पाटी असते : ‘त्वचारोग असणाऱ्यांस प्रवेश नाही.’ पाटी लावण्यामागचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण तिची अंमलबजावणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. रखवालदार रांगेवरून नजर फिरवतो. एखाद्याच्या पाठीवर शिब्याचे फिकट ठिपके दिसतात, एखादीच्या हातावर कोडाचा पांढरा चट्टा असतो, कुणाच्या कोपरावर सोरायसिसची खपली असते. ही मुले बाजूला काढली जातात आणि चारचौघांत खाली मान घालून घरी परततात. वास्तविक कोड आणि सोरायसिस हे मुळी संसर्गजन्य रोगच नव्हेत. शिबे ज्या कवकामुळे उठते ते तर बहुतेक निरोगी माणसांच्या त्वचेवर कायम मुक्कामाला असते; एकाचे शिबे दुसऱ्याला लागत नाही. याउलट ज्याच्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात पांढरी, ओलसर, सोलवटलेली कातडी आहे, तो मुलगा खुशाल आत जातो. बेचक्यात डोकावून कोण पाहतो?

आत गेल्यावर तलावातले पाणी निळेशार दिसते, क्लोरीनचा वास येतो आणि बरोबर आलेले पालक निर्धास्त होतात. पाणी शुद्ध आहे म्हणजे भीती नाही, असा सर्वांचा समज असतो. तरीही काही आठवड्यांनी एखाद्या मुलाच्या पायाला खाज सुटते आणि दोष पुन्हा पाण्यालाच दिला जातो.

पायाला होणारा हा कवकाचा संसर्ग तरणतलावावर नेमका कुठून लागतो? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे भरवशाचे उत्तर मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी अशी आहे.

रेशमाचा किडा आणि सफरचंदाची फोड

सूक्ष्मजीवांमुळे रोग होतात हे सांगताना आपण पाश्चर आणि कॉख यांची नावे घेतो. परंतु त्यांच्या कितीतरी आधी या कल्पनेचा पहिला पुरावा कवकांनी पुरवला होता. इटलीतील आगोस्तिनो बास्सी याने १८३५ साली दाखवून दिले की, रेशमाच्या किड्यांवर पांढरी भुकटी धरून ते मरतात, त्याचे कारण एक सूक्ष्म बुरशी आहे आणि ती एका किड्यावरून दुसऱ्यावर जाते.

त्या काळी युरोपात मुलांच्या डोक्याला फेवस नावाचा एक ओंगळ रोग होत असे. डोक्यावर पिवळ्या, वाटीसारख्या खोलगट खपल्या धरत, केस गळून पडत. रक्तातील दोष, वाईट आहार, गरिबी अशी नाना कारणे वैद्य सांगत. बर्लिनमध्ये रॉबर्ट रेमाक या तरुण वैद्याला १८३७ च्या सुमारास या खपल्यांत सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसले. १८३९ साली योहान शोनलाइन याने हे धागे वनस्पतीच्या स्वरूपाचे आहेत असे प्रसिद्ध केले. तेव्हा कवकांची गणना वनस्पतींतच होत असे. पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी हा हंगेरीहून आलेला वैद्य १८४१ पासून स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचला होता.

पण धागे दिसले म्हणजे तेच रोगाचे कारण, असे कसे म्हणावे? रोगट कातडीवर ते मागाहूनही उगवलेले असू शकतील. हा आक्षेप रास्त होता. रेमाकने १८४२ मध्ये त्याचे उत्तर स्वतःच्या हातावर शोधले. फेवसची खपली त्याने आपल्या दंडाखालच्या कातडीवर बांधून ठेवली. काही दिवसांनी तिथे खाज सुटली आणि रोगाची खूण उमटली. हे कवक सफरचंदाच्या फोडीवर वाढवण्याचाही त्याने प्रयत्न केला. १८४५ साली त्याने या कवकाला शोनलाइनचे नाव दिले. त्याच वर्षी स्वीडनच्या माल्मस्टेनने ट्रायकोफायटॉन ही प्रजाती स्थापन केली. या शब्दाचा अर्थ ‘केसांवरील वनस्पती’. आपल्या गोष्टीतला मुख्य खलनायक याच प्रजातीतला आहे.

रेमाक ज्यू होता. धर्मांतर करायला त्याने नकार दिल्यामुळे बर्लिन विद्यापीठाची दारे त्याला फार उशिरा, १८४७ साली, अर्धवट उघडली. माणसाचा रोग एका सूक्ष्म जीवामुळे होतो हे ज्यांनी प्रथम दाखवले त्यांत त्याचे नाव आघाडीवर असूनही शालेय पुस्तकांत ते क्वचितच आढळते.

ही त्वचाकवके केराटिनवर जगतात. केराटिन म्हणजे आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर, केस आणि नखे ज्याची बनलेली असतात ते प्रथिन. दुसरे फारच थोडे जीव ते पचवू शकतात. जिवंत पेशींच्या थरात ही कवके सहसा उतरत नाहीत. म्हणूनच ती माणसाला मारत नाहीत. पण पिच्छाही सोडत नाहीत. आपल्या कातडीचे जे कण रोज झडतात, त्यांतूनही ती प्रवास करतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेमोन साबुरो (१८६४–१९३८) याने या कवकांचा संसार नीट लावला. डोक्याचे गजकर्ण झालेल्या मुलांना त्या काळी महिनोन्‌महिने शाळेबाहेर ठेवत. त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या आवारात वेगळी शाळा चालवावी लागे. साबुरोने पेप्टोन आणि शर्करा घातलेले जे पोषक माध्यम ठरवून दिले, त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर आजही प्रयोगशाळांत कवके वाढवतात. १९१० साली त्याचा या विषयावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात भर मुख्यतः डोक्यावर होता. पायाला त्यावेळी कोणी विचारीत नव्हते.

पाय आजारी पडू लागले

पायाच्या गजकर्णाची पहिली नोंद १८८८ सालची, इटलीच्या पेलिझ्झारी याची मानतात. लंडनच्या आर्थर व्हिटफील्डने १९०८ मध्ये या रोगाचे वर्णन केले, तेव्हाही तो दुर्मिळच समजला जात होता. बेंझॉइक आम्ल सहा टक्के आणि सॅलिसिलिक आम्ल तीन टक्के हे मिश्रण असलेले ‘व्हिटफील्डचे मलम’ आपल्याकडच्या दवाखान्यांतही पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. ते मलम याच व्हिटफील्डचे.

जो रोग १९०८ साली दुर्मिळ होता, तो पुढच्या वीस वर्षांत घरोघरी कसा पोहोचला? कॅलिफोर्निया विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष १९२९ साली प्रसिद्ध झाले, त्यात निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या पायांवर या रोगाची चिन्हे आढळली. त्यांतील प्रत्येक पायात कवकच होते असे आज म्हणता येणार नाही, पण वाढ खरी होती. अमेरिकेत या रोगाला ‘अ‍ॅथलीट्स फूट’, म्हणजे खेळाडूचा पाय, हे नाव पडले ते याच सुमारास.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्या शेजारी मिळतो. आल्डो कास्तेलानी हा इटालियन वैद्य १९०३ पासून कोलंबोत काम करीत होता. हिंदुस्थानात आणि सिलोनमध्ये राहणाऱ्या गोऱ्या साहेबांना जांघेत गजकर्ण होई, त्याला ते ‘धोबी इच’ म्हणत. धोबी सर्वांचे कपडे एकत्र धुतो आणि त्यातून रोग लागतो, असा त्यांचा ठाम समज होता. उष्ण हवेत दिवसभर अंगावर वागवलेल्या घट्ट, घामेजलेल्या कपड्यांकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते. कास्तेलानीने १९१० साली या रोगातून एक नवे कवक वेगळे केले. माध्यमावर वाढताना ते लाल रंग सोडते, म्हणून त्याला ‘रुब्रम’ म्हणजे तांबडे हे नाव मिळाले. आज आपण त्याला ट्रायकोफायटॉन रुब्रम म्हणतो आणि जगभर पायाच्या गजकर्णाचे प्रमुख कारण तेच आहे.

बहुतेक कवकशास्त्रज्ञांच्या मते हे कवक मूळचे आग्नेय आशिया आणि आसपासच्या उष्ण प्रदेशांतले. तिथले लोक अनवाणी वावरत. त्यांच्या अंगावर, कंबरेवर गजकर्ण उठे. पाय मात्र सहसा वाचत. वसाहतींच्या काळात सैनिक, खलाशी, व्यापारी या प्रदेशांत आले आणि कवक त्यांच्याबरोबर मायदेशी गेले. पहिल्या महायुद्धानंतर ते अमेरिकेतही दिसू लागले. या नव्या यजमानांच्या पायांत मोजे होते, चामडी बूट होते. आत दिवसभर उब आणि घाम कोंडलेला. बुटांनी त्या कवकाला एक आयते घर दिले. त्याच काळात व्यायामशाळा, सैन्याच्या बराकी, कारखान्यांतील न्हाणीघरे आणि तरणतलाव वाढत होते. दिवसभर बुटात राहिलेले शेकडो पाय एकाच ओल्या फरशीवर उघडे पडू लागले.

पाण्यावरचा विजय

सार्वजनिक तरणतलावांचा इतिहास स्वच्छतेच्या चळवळीतूनच सुरू होतो. ब्रिटनमध्ये १८४६ साली स्नानगृहे आणि धुलाईगृहे बांधण्यासंबंधीचा कायदा झाला आणि नगरपालिकांनी गरिबांसाठी न्हाण्याची सोय केली. त्यातूनच पोहण्याचे हौद आले. या हौदांत पाणी भरायचे, काही दिवस वापरायचे आणि गढूळ झाले की सोडून द्यायचे, अशी रीत होती. ताज्या पाण्याच्या दिवशी तिकीट महाग आणि पाणी घाण होत जाईल तसतसे स्वस्त. मँचेस्टरमध्ये १९०६ साली बांधलेल्या व्हिक्टोरिया बाथ्समध्ये पाणी आधी पुरुषांच्या पहिल्या वर्गाच्या हौदात, तिथून दुसऱ्या वर्गाच्या हौदात आणि शेवटी स्त्रियांच्या हौदात जात असे. समाजाची उतरंड पाण्याच्या नळांतही कशी उतरते, याचा हा नमुना इतिहासाच्या शिक्षकांनाही उपयोगी पडावा.

१९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पिण्याच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली. पाठोपाठ १९१० च्या सुमारास ब्राउन विद्यापीठाच्या तरणतलावात ब्लीचिंग पावडर टाकून जंतूंची संख्या झपाट्याने घटते, हे दाखवण्यात आले. गाळण आणि क्लोरीन या जोडीमुळे तरणतलावाच्या पाण्यातून पसरणाऱ्या जिवाणूंच्या रोगांना मोठा आळा बसला. हा सार्वजनिक आरोग्याचा खराखुरा विजय होता.

विजयाने एक सवयही लावली. तरणतलाव म्हणजे पाणी आणि स्वच्छता म्हणजे क्लोरीन, असे समीकरण तयार झाले. पायाचे गजकर्ण वाढू लागले तेव्हा उपायही त्याच वाटेने गेला. १९३० च्या दशकात तलावाच्या वाटेवर पाय बुडवण्याचे उथळ हौद आले. त्यांत कुठे सोडियम हायपोक्लोराइट, तर कुठे छायाचित्रकार ज्याला ‘हायपो’ म्हणतात ते सोडियम थायोसल्फेट घालीत. रसायनाच्या शिक्षकांच्या इथे लक्षात येईल की हायपो क्लोरीनला निष्प्रभ करतो. म्हणजे पायाला चिकटून आलेला हायपो तलावातल्या क्लोरीनवरही ताव मारणार! आणि ब्लीचिंगचे द्रावण असले तरी माणूस त्यातून दोन-तीन सेकंदांत पलीकडे जातो. झडलेल्या कातडीच्या कणात केराटिनच्या आवरणाखाली बसलेल्या बीजाणूला एवढ्याशा स्पर्शाने काय होणार? शिवाय शेकडो पायांची माती आणि घाम त्या हौदात मिसळला की क्लोरीन त्यावरच खर्ची पडतो. दिवसाखेरीस उरते ते नुसते गढूळ पाणी.

फरशीची झडती

कवक फरशीवर असावे, असा संशय पुष्कळांना होता. अडचण ते सिद्ध करण्याची होती. फरशीवरची धूळ साबुरोच्या माध्यमावर टाकली तर हवेतल्या साध्या बुरशी आणि जिवाणू भराभर वाढून सारी बशी व्यापून टाकतात. त्वचाकवक सावकाश वाढणारे. त्याला जागाच मिळत नाही. १९५० च्या दशकात सायक्लोहेक्झिमाइड हे द्रव्य हाती आले. ते बहुतेक साध्या बुरशींना दाबून टाकते, त्वचाकवकांना मात्र वाढू देते. जोडीला जिवाणूंना रोखणारी प्रतिजैविके घातली की गर्दीतून हवा तो चेहरा वेगळा काढता येऊ लागला.

स्कॉटलंडमध्ये जे. सी. जेंटल्स हे कवकशास्त्रज्ञ कोळसा खाणीतील कामगारांच्या पायांचा अभ्यास करीत होते. खाणीतून वर आल्यावर हे कामगार खाणीजवळच्या सार्वजनिक न्हाणीघरांत आंघोळ करीत. तिथल्या ओल्या फरशांवर रोग लावणारी कवके सापडतात, हे जेंटल्स यांनी १९५७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले. दोनच वर्षांनी ब्रिस्टल शहरात मेरी इंग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी शोध घेतला : एकीकडे शाळकरी मुलांचे पाय आणि दुसरीकडे तरणतलावांच्या फरशा. तिथेही फरशांवर तीच कवके मिळाली.

गुन्हेगाराचा मुक्काम आता स्पष्ट झाला. तलावात हजारो लिटर पाणी असते, त्यात कातडीचा कण विरळ होऊन जातो आणि गाळणीत अडकतो. फरशीवर तसे होत नाही. कपडे बदलण्याची खोली, शॉवरखालची जागा, तलावाचा काठ या जागा ओल्या, कोमट आणि सतत पायांखाली असतात. एकाच्या पायावरून झडलेला कण दुसऱ्याच्या पायाला चिकटतो. अशा कणात हे कवक महिनोन्‌महिने जिवंत राहू शकते.

याच जेंटल्स यांचे नाव आणखी एका शोधाशी जोडलेले आहे. ग्रिसिओफल्विन हे द्रव्य पेनिसिलियमच्या एका जातीपासून १९३९ सालीच वेगळे केलेले होते, पण ते वनस्पतींच्या रोगांपुरते चर्चेत होते. १९५८ साली जेंटल्स यांनी गिनीपिगांना ते तोंडावाटे दिले आणि त्यांचे गजकर्ण बरे झाले. त्यानंतर लवकरच ते माणसांवर वापरले गेले. पोटात घेऊन त्वचाकवकांवर चालणारे हे पहिले परिणामकारक औषध.

बीज आणि जमीन

येथे कथा संपली असती तर सोपे झाले असते. पण १९५० च्या दशकातच न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ बेअर आणि स्टॅन्ली रोझेन्थाल यांनी एक चमत्कारिक वाटणारा प्रयोग केला होता. निरोगी स्वयंसेवकांना त्यांनी रोगकारक कवके भरपूर मिसळलेल्या पाण्यात पाय बुडवून बसवले. अपेक्षेप्रमाणे सर्वांचे पाय खाजू लागायला हवे होते. प्रत्यक्षात जवळपास कोणालाच रोग झाला नाही.

याचा अर्थ कवक निर्दोष आहे असा नाही. शेतकऱ्याला हे लगेच उमगेल : बी पडले म्हणून पीक येत नाही, जमिनीत ओलही हवी. धडधाकट, कोरडी कातडी कवकाला सहसा थारा देत नाही. चिकटलेल्या बीजाणूला रुजायला काही तास लागतात आणि तेवढा वेळ कातडी ओली, फुगलेली राहिली तर त्याचे फावते. व्हिएतनामच्या युद्धात भातखाचरांतून दिवस-दिवस चालणाऱ्या अमेरिकन सैनिकांत त्वचाकवकांची साथच उसळली, तेव्हाही हेच दिसले. त्यांचे बूट आणि मोजे वाळतच नसत.

मराठीला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक असावी. पावसाळ्यात भातलावणी करणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यात जे होते त्याला आपण ‘चिखल्या’ म्हणतो. चिखल्यांत दरवेळी त्वचाकवकच असते असे नाही. यीस्ट आणि जिवाणूही असतात. पण त्या नावातच कारण सांगितलेले आहे : पाय फार वेळ ओला राहिला.

आता पायाच्या करंगळीकडे वळू. तिच्यात आणि शेजारच्या बोटात सर्वांत कमी फट असते. तिथे हवा खेळत नाही, पाणी अडून राहते आणि टॉवेलही पोहोचत नाही. पोहून आलेला मुलगा डोके खसाखसा पुसतो, पाठ पुसतो, पाय मात्र तसाच ओला मोज्यात कोंबून बूट बांधतो. फरशीवरून आलेले बीज आणि बुटातली ओल यांची गाठ तिथे पडते.

पावडरीचा डबा

ही समज पक्की झाल्यावर उपायाची दिशा बदलली. जेंटल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील एका सार्वजनिक तरणतलावावर १९७३ आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेले दोन अभ्यास केले. पहिल्यात असे आढळले की पोहणाऱ्यांपैकी साडेआठ टक्के लोकांच्या पायाला गजकर्ण होते. प्रौढ पुरुषांत हे प्रमाण कितीतरी अधिक होते. मग तिथे टोल्नाफ्टेट हे कवकनाशक असलेली पावडर पोहणाऱ्यांना उपलब्ध करून दिली. पोहून झाल्यावर पाय पुसायचे आणि बोटांच्या बेचक्यांत पावडर टाकायची. काही काळाने हे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर उतरले.

पाण्यात काहीही बदल न करता हे घडले, हे विशेष. औषधाचा वाटा त्यात होताच, पण पाय पुसण्याची आणि बेचक्यात लक्ष घालण्याची सवयही त्यात होती. दोहोंचे श्रेय वेगळे मोजणे कठीण आहे.

आपल्या शाळांपुरते

आपल्याकडे गेल्या दशकभरात गजकर्णाचे रूप पालटले आहे. हट्टी, पुन्हापुन्हा उलटणारे आणि घरातल्या सर्वांना लागणारे गजकर्ण भारतभर वाढले. भारत आणि नेपाळशी संबंधित रुग्णांत मिळालेल्या एका कवकाला जपानी संशोधकांनी २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ते पुष्कळदा दाद देत नाही. दुकानातून परस्पर आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली मलमे या वाढीला हातभार लावतात. त्यांनी खाज झटकन थांबते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि कवक आत पसरत राहते. स्टिरॉइडची बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तरी ती घराघरांत आहेत. गजकर्ण झालेल्या मुलाला हसण्याऐवजी किंवा पिटाळून लावण्याऐवजी डॉक्टरकडे पाठवणे का गरजेचे आहे, ते यावरून कळेल. लाज वाटली की मूल रोग लपवते आणि लपवलेला रोग पसरतो.

शाळेतून मुलांना पोहायला नेताना शिक्षकांना थोडक्यात करता येण्यासारखे पुष्कळ आहे. कपडे बदलण्याच्या खोलीपासून तलावाच्या काठापर्यंत प्रत्येकाच्या पायात स्वतःची रबरी चप्पल असावी. टॉवेल ज्याचा त्याचा असावा. पोहण्याआधी आणि नंतर साबणाने पाय धुवावेत आणि शेवटी बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या कराव्यात. मोजे पाय सुकल्यावरच घालावेत. पावसाळ्यात तर नायलॉनच्या मोज्यांपेक्षा उघडी चप्पल बरी. ज्याच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन सोलत आहे त्याने आधी उपचार घ्यावेत आणि बरे वाटेपर्यंत पोहणे थांबवावे. तलावाच्या व्यवस्थापकांना विचारायचेच असेल तर पाण्यातल्या क्लोरीनबरोबरच फरशी कधी आणि कशी घासली जाते, पाणी कुठे साचते, हेही विचारावे. कोड, सोरायसिस आणि शिबे असलेल्या मुलांनी मात्र सर्वांबरोबर पोहावे. त्यांना अडवले गेले तर त्यांच्या बाजूने बोलणे हे शिक्षकाचेच काम आहे.

वर्गात एक छोटा प्रयोगही करता येईल. एकाच पावाचे दोन तुकडे घ्यावेत. एक उन्हात अगदी कडक वाळवून कागदात गुंडाळावा, दुसऱ्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा. हवेतले बीजाणू दोन्हींवर बसलेले आहेत. चार-पाच दिवसांनी पिशवी न उघडता पाहावे. पाहून झाल्यावर ती तशीच टाकून द्यावी. दोन तुकड्यांत फरक कशामुळे पडला, हे मुलांनाच विचारावे. त्यानंतर पायाच्या करंगळीविषयी त्यांना फारसे काही सांगावे लागणार नाही.